गॅलरीतली सुतारकी

सुतारकामाची हौस असलेल्या माणसाची फ्लॅटमध्ये फार कुचंबणा होते. गोल पात्याची करवत चालू केली की आवाज तीन मजले वर जातो, रंध्याचा भुसा शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, आणि आठ फुटी फळी लिफ्टमध्ये मावत नाही. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे या भागांत हौस असूनही हत्यारांची पेटी माळ्यावर टाकून दिलेली माणसे कमी नाहीत. त्यांच्यासाठी एक यंत्र मला अगदी नेमके वाटते: स्क्रोल सॉ. शिलाई मशीनला लागते तेवढी जागा त्याला पुरते. ते चालतेही तसेच. सुई जागच्या जागी वरखाली होते आणि कापड आपण फिरवतो. इथे सुईच्या जागी दोऱ्यासारखे बारीक पाते असते आणि कापडाच्या जागी लाकूड. पाते वर आणि खाली दोन्हीकडे चिमट्यात ताणून धरलेले असते. मिनिटाला साधारण चारशेपासून सतराशेपर्यंत त्याच्या फेऱ्या होतात, प्रत्येक फेरी पाऊण इंचाची, आणि वेग एका बटणाने कमीजास्त करता येतो. नागमोडी वळण, कोयरी, मोराचा पिसारा, जाळीतले बोटाएवढे भोक हे सगळे या यंत्राला जमते. सरळ फळी लांबच्या लांब चिरणे हे त्याचे काम नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

आपल्याकडे लाकडाच्या नक्षीला सरसकट ‘कोरीवकाम’ म्हणतात. त्यामुळे इथे थोडा घोळ होतो. कोरीवकाम पटाशीचे. त्यात लाकूड खोदून उंचसखल करतात. स्क्रोल सॉ लाकडाला आरपार कापते. तिची नक्षी उजेड जिथून पलीकडे जातो तिथे दिसते. जुने सुतार याला जाळीकाम म्हणत आणि तोच शब्द चांगला आहे. गिरगावातल्या खोताच्या वाडीत किंवा माथेरानच्या जुन्या बंगल्यांत छपराच्या कडेला झालरीसारख्या कातरलेल्या पट्ट्या दिसतात. त्या या जातकुळीतल्या. दुपारी भिंतीवर पडणारी त्यांची सावली पाहिली की कापलेल्या लाकडाचे सौंदर्य निम्मे पोकळीत असते हे कळते.

या कामाचा इतिहास युरोपात सांगितला जातो तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या कारागिराच्या नावाने. कासवाची पाठ आणि पितळ एकावर एक ठेवून एकदमच कापायचे आणि एकातला तुकडा दुसऱ्यात बसवायचा ही त्याची हातोटी. नंतर १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे महॉगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले. मुलांना भूगोल शिकवण्यासाठी केलेले हे तुकडे म्हणजे आजच्या जिगसॉ कोड्यांची सुरुवात. इंग्लंडात नॉरफोकमधल्या डेरेहॅमच्या ‘हॉबीज’ कंपनीने १८९५ मध्ये याच छंदाभोवती एक साप्ताहिक सुरू केले आणि पायाने चालवायच्या करवती घराघरांत नेल्या. आपल्या देशात म्हैसूरच्या शिसवी जडावकामात तेच तंत्र पोटापाण्याचे झाले: रंगीत लाकडाचे तुकडे बारीक फ्रेट करवतीने कापून शिसवाच्या फळीत बसवायचे.

पनवेलचा लाकडाशी संबंध मात्र वेगळ्या वाटेने आला. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर देशावरच्या बैलगाड्या पनवेल बंदराकडे उतरू लागल्या, आणि गाड्या व चाके बनवणे हा गावाचा मोठा धंदा झाला. घाट उतरून आलेल्या गाड्या पनवेलची चाके बसवून परत जात, असे इंग्रजी अमदानीतले गॅझेटियर सांगते. बैलगाडीचे चाक हे वळणदार कापणीचे काम आहे. तुंबा, त्यात ठोकलेले आरे, त्यावर परिघाचे कमानदार तुकडे आणि सगळ्याला आवळणारी लोखंडी धाव. परिघाचा एक तुकडा केसभर चुकला तर धाव नीट बसत नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावली ती पनवेल वगळून कर्जतमार्गे, आणि चाकांची ती ऐट हळूहळू ओसरली. फ्लॅटमधल्या हौशी माणसाचा त्या सुतारांशी रक्ताचा संबंध नसेल. पण वाकडी रेघ पेन्सिलीने आखून तिच्यावरून पाते नेणे ही या गावाला परकी गोष्ट नाही.

आता खरा प्रश्न. लेझर कटिंगचे दुकान गल्लीच्या तोंडाशी असताना हा उपद्व्याप करायचा कशाला? दरवाजावरची नावाची पाटी, गणपतीचे मखर, लग्नातली आद्याक्षरे हे सगळे तीन मिलिमीटरच्या एमडीएफवर काही मिनिटांत कापून मिळते. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण निव्वळ वस्तू हवी असेल तर लेझर स्वस्तही आहे आणि अचूकही. पण लेझर जाळत जाते. कड काळी पडते आणि तो करपट वास बरेच दिवस राहतो. जाड सागवानापुढे हौशी लेझर हात टेकते. फिरत्या बिटाचे सीएनसी यंत्र जाड लाकूड कापते, पण गोल बिट आतला टोकदार कोपरा कापू शकत नाही, तिथे बिटाएवढी गोलाई उरतेच. स्क्रोल सॉचे पाच नंबरचे पाते साधारण एक मिलिमीटर रुंद आणि त्याच्या निम्म्याहूनही पातळ असते. ते जागच्या जागी गर्रकन फिरते, दीड इंच जाडीच्या लाकडातही. टेबल तिरके केले की तिरपा छेद देते. तीन-चार अंशांच्या अशा छेदाने एकाच वेळी कापलेले दोन रंगांचे लाकूड एकमेकांत बुचासारखे घट्ट बसते, मधली फट डोळ्यांना दिसत नाही. हे लेझरला येत नाही.

आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते, माझ्या लेखी सर्वांत मोठी. लेझरमध्ये रेघ संगणक चालवतो. इथे ती आपल्या दहा बोटांत असते. कापताना दुसरा विचार करताच येत नाही. केला की रेघ सुटते.

हा आनंद मराठी घरांना अनोळखी नव्हता. थर्माकोलची मखरे आठवा. ऑगस्टच्या रात्री ट्यूबलाइटखाली बसून, तापलेल्या तारेने किंवा धारदार पात्याने कमानी, महिरपी, खांब कापणारी पोरे दर चाळीत असत. आखणी, आतली भोके आधी, बाहेरची कड शेवटी, तुटलेला तुकडा टाचणीने जोडणे, हे सगळे स्क्रोल सॉचेच शिक्षण होते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. पर्यावरणासाठी ती योग्यच होती. पण तिच्याबरोबर ती कापणारी बोटेही रिकामी झाली आणि त्यांच्या जागी तयार, लेझरने कापलेली, घडी घालता येणारी मखरे आली. सहा मिलिमीटरच्या प्लायवर हाताने कापलेले मखर पुढची पंधरा वर्षे दर भाद्रपदात माळ्यावरून खाली येऊ शकते. सुटे भाग खाचेत बसवायचे केले तर ते पलंगाखालीही राहते.

यंत्र निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती पाते कसे अडकवतात. काही यंत्रांना फक्त दोन्ही टोकांना आडवी खीळ असलेली पाती चालतात. ही पाती लावायला सोपी, पण जाड. आणि खीळ जाईल एवढे मोठे भोक पाडल्याशिवाय आतली जाळी कापता येत नाही. म्हणजे जाळीकामाचा जीवच गेला. माझे पहिले यंत्र असेच निघाले. विकणाऱ्याने विचारले नाही, मला माहीत नव्हते, आणि वर्षभर मी माझ्याच हाताला दोष देत राहिलो. बिनखिळीची, सपाट टोकांची पाच इंची पाती धरणारे चिमटे हवेत, ही अट सोडू नये. दुसरी गोष्ट थरथर. बाहूंची रचना चांगली असलेले आणि वजनदार यंत्र टेबलावर नाचत नाही. हलके असेल तर जाड प्लायच्या पाटावर बोल्टने आवळावे आणि पाटाखाली रबराची चटई घालावी. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास होतो तो आवाजाचा कमी, जमिनीतून उतरणाऱ्या थरथरीचा जास्त. तिसरी गोष्ट, परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणाऱ्यांसाठी: अमेरिकेतली यंत्रे ११० व्होल्टची असतात आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. ट्रान्सफॉर्मरशिवाय खटका दाबला की मोटर जळते.

पैसे कमी असतील तर यंत्राची वाट पाहू नये. यू आकाराची हातातली फ्रेट करवत, टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळलेली व्ही खाचेची फळी आणि चार मिलिमीटरची प्लाय एवढ्यावर सुरुवात होते. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला हीच करवत हातात आली होती अशी एक पिढी अजून आहे.

या छंदाचे सगळे मर्म मात्र पात्यात आहे, आणि आपल्याकडे गाडी अडते तीही तिथेच. पाती संपणारी वस्तू आहे. कठीण लाकडात एक पाते वीस-पंचवीस मिनिटे धड चालले तर पुष्कळ. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, तिथे ते आणखी लवकर बोथट होते. बोथट पात्याने जोर लावून कापत राहणे ही नवशिक्याची सर्वांत मोठी चूक. रेघ वाकते, लाकूड करपते, पाते तुटते आणि माणूस यंत्राला नावे ठेवतो. म्हणून डझनाने घ्यावीत. नंबर जितका लहान तितके पाते बारीक. पाच आणि सात नंबर रोजच्या कामाला, दोन किंवा तीन बारीक जाळीला, नऊच्या पुढचे जाड लाकडाला. उलट्या दातांची पाती मुद्दाम मागावीत. त्यांचे खालचे काही दात वर तोंड करून असतात, त्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूला कुसे निघत नाहीत. पिळाच्या पात्याला चारही बाजूंनी दात असतात, लाकूड न फिरवता कापता येते, पण कड खरबरीत राहते. मी ते क्वचितच लावतो.

पनवेलच्या हार्डवेअरच्या दुकानात ही पाती सहसा नसतात. हार्बरची लोकल पकडून मशीद बंदरला उतरावे आणि नागदेवी स्ट्रीट पायाखाली घालावी. पुण्याला जाणे होणार असेल तर रविवार पेठेत बोहरी आळी आहे. एक मार्ग फारसा कुणी सांगत नाही: सोनारांच्या हत्यारांची दुकाने. सोनाराच्या करवतीची पातीही पाच इंचीच असतात आणि बिनखिळीच्या चिमट्यात बसतात. पितळेचा पातळ पत्रा कापून लाकडात बसवायचा असेल तर तीच लागतात.

पाते किती ताणायचे हे लिहून सांगणे कठीण आहे. तंबोऱ्याची तार छेडावी तसे बोटाने छेडून पाहावे. ढिले असेल तर भद्द आवाज येतो, नीट ताणले की स्वच्छ, उंच टणत्कार. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. बहुतेक पाती लाकूड सरळ ढकलले तर सरळ कापत नाहीत, एका बाजूला ओढतात. बनवताना एका कडेला बारीकशी खरबरीत किनार राहते, तिचा हा गुण. लाकूड किंचित तिरके धरून ढकलायचे. दोन-तीन दिवसांत हात ते आपोआप करू लागतो. नमुना झेरॉक्स करून मास्किंग टेपवर गोंदाने चिकटवावा, म्हणजे नंतर सोलून निघतो. आणि कठीण लाकडावर आधी पारदर्शक पॅकिंग टेप लावला तर कड करपणे बरेच कमी होते.

लाकडाच्या बाबतीत पनवेलकर नशीबवान आहेत. २६ मे १९८९ पासून न्हावा-शेव्याचे बंदर चालू आहे आणि यंत्रसामग्री भरून येणाऱ्या पाइनच्या खोक्यांचे, पॅलेटचे लाकूड आजूबाजूच्या भंगारवाल्यांकडे येत राहते. हलके, सुवासिक, कापायला मऊ. फक्त त्यावरचा शिक्का वाचावा. गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असते, शेजारी देशाचा संकेत आणि दोन रोमन अक्षरे. ‘एच टी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेले, ते घ्यावे. ‘एम बी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. ते घरात आणू नये, खेळण्यांसाठी तर मुळीच नाही. खिळे चुंबक फिरवून शोधावेत. फर्निचरवाल्यांकडे सागवानाचे वीतभर तुकडे पोत्याने पडलेले असतात, आणि या कामाला वीतभर तुकडा पुष्कळ झाला. शिवण मिळाली तर सोडू नये. हलकी, गुळगुळीत आणि हवेतल्या फरकाने फार न फुगणारी. फणस नवा असताना हळदीसारखा पिवळा असतो, वर्षांनी मधासारखा तपकिरी होतो. तुकड्या-तुकड्यांतून चित्र जुळवणाऱ्याला फणस, शिसव, सागवान आणि पांढुरका आंबा एवढ्या चार लाकडांत सगळी रंगसंगती मिळते, रंगाचा डबा उघडावाच लागत नाही. आंबा स्वस्त आहे, पण भुंगा लवकर लागतो. आणि तो काजू-बिब्ब्याच्या कुळातला, काहींच्या हाताला त्याच्या भुशाने खाज सुटते. साध्या कमर्शियल प्लायच्या पोटात पोकळ्या असतात, ऐन नाजूक जागी पाते तिथे गचकन आत जाते. थोडे जास्त पैसे देऊन चांगली प्लाय घ्यावी.

भुशाबद्दल मी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. एमडीएफमध्ये भर पडते फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाची. स्क्रोल सॉ भुसा कमी करते, पण तो फार बारीक असतो आणि तोंड पात्याच्या अगदी जवळ असते. एन-९५ मास्क, यंत्राच्या तोंडाशी घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप आणि उघडी गॅलरी, या तिन्हींशिवाय बसू नये. लहान मूल असलेल्या घरात एमडीएफ आणूच नये असे माझे मत आहे. बाकी विजेवरच्या करवतींत ही सर्वांत सौम्य. लाकूड उलटे फेकत नाही. बोट पात्यासमोर न ठेवणे आणि पदर, ओढणी, सैल बाही आवरणे एवढे पाळले तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून शिकवता येते.

पहिले काम म्हणून मी रायगड जिल्ह्याचा नकाशा सुचवेन, स्पिल्सबरीच्या पद्धतीने. पंधरा तालुके, पंधरा तुकडे. खाड्यांनी कुरतडलेली किनाऱ्याची कड अवघड, घाटाकडची कड त्यामानाने सोपी. पनवेलचा तुकडा उरण, पेण, खालापूर, कर्जत या चौघांशी जुळला पाहिजे. नातवंडाला तळा आणि म्हसळा कुठे आहेत ते आजोबांपेक्षा लवकर पाठ होते.

दुसरे काम नावाची पाटी, कारण इथे देवनागरीने आपल्याला मोठी देणगी दिली आहे. रोमन अक्षरे कापली की सुटी पडतात, त्यांना खाली पट्टी लावावी लागते. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात, त्यामुळे अख्खे नाव एकाच तुकड्यात कापून निघते. ‘कमल’ किंवा ‘वसंत’ कापून पाहा. वसंतमधला अनुस्वार मात्र सुटतो. त्याला बारीक देठ ठेवून रेषेला जोडावा लागतो. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण येत नाही, म्हणून ‘माधव’ किंवा ‘शोभा’ मध्येच तुटतात. तिथे ‘ध’ची गाठ मागच्या कान्याला टेकवायची, तीही अक्षर बेढब न करता. अक्षरांकडे इतक्या बारकाईने मी कधी पाहिले नव्हते. हे सुलेखनाचेच शिक्षण आहे.

शिकवणारे मात्र हवेत. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मूलोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि त्यानंतरच्या अभ्यासक्रमात सूतकताईबरोबर सुतारकामही होते. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये उभारला. हाताने करत शिकणे हाच तिथला पाया, आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅबही आली. पाबळमध्ये हातहत्यार आणि संगणकाने चालणारे यंत्र एका आवारात नांदतात. पनवेलसारख्या, २०१६ मध्ये महानगरपालिका झालेल्या शहरात अशी एक खोली का असू नये? वाचनालयाच्या मागे, चार यंत्रे, पात्यांचे डझन आणि शनिवारी दोन तास देणारा एखादा निवृत्त सुतार. त्याला मानधन द्यावे, आणि ते चांगले द्यावे. यूट्यूबवर सगळे दिसते, पण पात्याचा टणत्कार बरोबर आहे की नाही हे शेजारी उभा असलेला माणूसच सांगतो.

आमच्याकडे या कामाचा हंगाम आषाढात सुरू होतो. बाहेर धो धो पाऊस, कर्नाळ्याचा सुळका आठ-आठ दिवस ढगात, आणि मखराला दोन महिने हातात. लाकूड या दिवसांत फुगलेले असते, म्हणून खाचा किंचित सैल ठेवाव्यात. घट्ट ठेवल्या तर जोडणी बसतच नाही. यंत्राच्या टेबलावर दर आठवड्याला मेणबत्तीचे मेण घासावे, नाहीतर गंजाचे ठिपके लाकडावर उमटतात. कापणी, घासणी, जोडणी पावसात खुशाल करावी. चपडी लाखेचे पॉलिश मात्र दमट हवेत मारले की त्यावर पांढुरके धुके चढते. ते काम श्रावणातली एखादी कोरडी दुपार मिळेपर्यंत ठेवावे.